वस्तूंवरून मनाचा माग कसा काढतात?

प्रश्न असा आहे: "उत्खननात दगडाची हत्यारे, मणी, खापरे आणि हाडे सापडतात. त्यांवरून माणसे काय खात होती आणि काय वापरत होती हे सांगता येईल. पण ती काय विचार करत होती, हे पुरातत्त्वज्ञ कशाच्या आधारे सांगतात? मन तर जमिनीत उरत नाही. मग हे सारे कल्पनारंजन नव्हे काय?"

शंका रास्त आहे आणि जुनीही आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर हॉक्स यांनी 1954 मध्ये ती एका शिडीच्या रूपाने मांडली होती. सापडलेली वस्तू कशी बनवली हे ठरवणे सर्वांत सोपे, तिच्यावरून त्या समाजाचे अर्थकारण ठरवणे त्याहून अवघड, समाजरचना आणखी अवघड आणि श्रद्धा व मनोव्यापार यांच्यापर्यंत पोहोचणे सर्वांत अवघड, असे त्यांचे म्हणणे होते. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी शिडीच्या वरच्या पायऱ्यांकडे वळायचेच नाही असे ठरवून टाकले. 1982 मध्ये केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात कॉलिन रेन्फ्रू यांनी मात्र उघड बाजू घेतली की मनाचे पुरातत्त्व हा शिस्तीने अभ्यासण्याजोगा विषय आहे. गेल्या चार दशकांत या दिशेने जे काम झाले, त्याच्या आधाराने आणि दगडी हत्यारांच्या अभ्यासात घालवलेल्या माझ्या तीसेक वर्षांच्या अनुभवाने मी हे उत्तर देत आहे.

अमुक दिवशी अमुक माणसाच्या मनात काय आले हे आम्ही शोधत नाही. ते कोणालाच सापडणार नाही. पण एखादी वस्तू हातून घडण्यासाठी माणसाला काय ठाऊक असावे लागते, किती लक्षात ठेवावे लागते, पुढचे किती आधी दिसावे लागते आणि इतरांशी कशाबाबत एकमत असावे लागते, हे वस्तूतून काढता येते. माझ्या अनुभवाप्रमाणे यासाठीचा खरा ऐवज देखण्या, तयार वस्तूंत कमी असतो. फसलेल्या, अर्धवट सोडलेल्या आणि शिकाऊ हातांनी बिघडवलेल्या वस्तूंत जास्त असतो. संग्रहालयाच्या काचेमागे नेमक्या याच वस्तू दिसत नाहीत, आणि आपल्या प्रश्नामागच्या शंकेचे ते एक कारण असावे.

आधी रेन्फ्रू स्वतः जे उदाहरण देत ते पाहू, कारण त्यात तर्काच्या सगळ्या पायऱ्या उघड्या दिसतात. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे चर्ट या कठीण, गारगोटीसारख्या दगडाचे गुळगुळीत घासलेले लहानमोठे घन सापडले. त्यांच्यावर अक्षर नाही, आकडा नाही, चित्र नाही. ए. एस. हेमी यांनी ते तोलून पाहिले तेव्हा लहान घनांची वजने एका ठरावीक प्रमाणात वाढत जाताना दिसली: सर्वांत लहान एकक सुमारे 0.86 ग्रॅमचे, मग त्याची दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट, अशी चढण. सर्वांत जास्त आढळणारा घन सोळापटीचा, म्हणजे साधारण 13.7 ग्रॅमचा. शेकडो मैल अंतरावरच्या गावांतही हीच वजने सापडतात.

आता यातून काय निघते ते पाहा. हे घन वजने होती हे सिद्ध होते, एवढ्यावर थांबण्याचे कारण नाही. घन वापरणाऱ्या माणसाने जडपणा हा गुण वस्तूपासून वेगळा काढला होता. धान्य, तांबे आणि दगड या तीन वस्तूंत दिसायला काहीच साम्य नाही, तरी एका बाबतीत त्या समान असू शकतात, हे त्याला मान्य होते. त्या गुणाचे एकक ठरवता येते, एककाची पट करता येते आणि ते एकक समोरच्या अनोळखी माणसालाही मान्य असते, हेही त्याने गृहीत धरले होते. दुपटीची चढण का, याचे उत्तर तराजूत आहे. ज्याच्याकडे नुसता तराजू आहे आणि दुसरे काही नाही, तो कोणत्याही वस्तूचे दोन समान भाग करू शकतो. आणि 1, 2, 4, 8, 16 अशी पाच वजने हाताशी असली की 1 पासून 31 पर्यंतचे कोणतेही वजन तोलता येते. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक ही आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची मापे याच अर्ध्या-अर्ध्याच्या रीतीने उतरत जातात. सिंधू संस्कृतीची वजने थेट आपल्यापर्यंत चालत आली असा दावा मी यातून करत नाही. तराजू हातात असलेला माणूस कोणत्याही काळात कोणत्या वाटेने विचार करू लागतो, एवढेच दाखवायचे आहे.

येथे एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जडपणाची कल्पना कोणाच्या डोक्यात आधी तयार झाली आणि मग तिच्यासाठी घन कोरले गेले, असे झालेले नसणार. उचलल्याशिवाय जड-हलके कळत नाही. हाताने उचलणे, दोन्ही हातांत दोन वस्तू धरून पाहणे, मग काठीला दोन पारडी बांधणे, या व्यवहारातून ती कल्पना घडत गेली. म्हणजे वस्तू ही तयार विचाराची नुसती खूण नसते. तिच्याशी खटपट करतानाच विचार आकाराला येतो. पुरातत्त्वज्ञ लाम्ब्रोस मालाफुरिस यांनी हीच भूमिका पुढे नेऊन असे मांडले आहे की मन कवटीच्या आत संपत नाही. हात, वस्तू आणि मेंदू मिळून ते काम करते. बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजणारी गृहिणी किंवा जपमाळेचे मणी ओढणारे आजोबा ज्याने पाहिले आहेत, त्याला हे पटायला जड जाऊ नये. त्यांची मोजणी पेरांत आणि मण्यांतही चाललेली असते. माळ काढून घेतली तर तीच मोजणी तशीच चालत नाही.

दगडी हत्यारांकडे वळताना मात्र सावधगिरी दुप्पट करावी लागते. मध्य भारतापासून इंग्लंडपर्यंत आणि केनियापासून आपल्या नेवाशाजवळच्या चिरकीपर्यंत सापडणारी अश्युलियन, म्हणजे पुराश्मयुगातील एका प्राचीन हत्यार-परंपरेतील, हातकुऱ्हाड पाहा. बदामासारखा किंवा अश्रूच्या थेंबासारखा आकार, दोन्ही बाजू जवळपास सारख्या. सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी केनियातील नमुने सुमारे 17.6 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तमिळनाडूतील अतिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडींचे वय सुमारे 15 लाख वर्षे निघाले आहे. 1979 मध्ये पुरातत्त्वज्ञ टॉमस विन यांनी मुलांच्या बौद्धिक वाढीविषयीचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचे टप्पे वापरून असा युक्तिवाद केला की नंतरच्या काळातील अश्युलियन कारागिरांना अवकाशाची जी जाण होती, ती आजच्या प्रौढ माणसाच्या जाणिवेहून फार वेगळी नसावी. हा युक्तिवाद धाडसी होता आणि त्याने अनेकांना या विषयाकडे खेचले.

पण तयार आकारावरून मनाकडे उडी घेण्यात एक खोट आहे. हातकुऱ्हाड बोथट झाली की तिला पुन्हा धार लावतात, पुन्हा वापरतात, पुन्हा धार लावतात. आपल्याला सापडतो तो या साऱ्याच्या शेवटी टाकून दिलेला तुकडा. त्याचा आकार पहिल्यापासून ठरवलेला होता की धार लावता लावता उरलेला होता, हे त्या एका तुकड्यावरून सांगता येत नाही. इयन डेव्हिडसन आणि विल्यम नोबल यांनी या चुकीकडे फार स्पष्टपणे लक्ष वेधले. त्याहून मोठा धक्का 2016 मध्ये बसला. ब्राझीलमधील सेरा दा कापिव्हारा येथील कापुचिन माकडे दगडावर दगड आपटतात. त्यातून धारदार छिलके उडतात आणि ते अगदी आदिमानवाच्या छिलक्यांसारखे दिसतात. माकडे ते छिलके वापरत मात्र नाहीत. फुटलेला दगड चाटण्यात त्यांना जास्त रस असतो. म्हणजे नुसता धारदार छिलका हा मनाचा पुरावा होऊ शकत नाही.

मग पुरावा कशात शोधायचा? क्रमात. दगड फोडताना प्रत्येक घाव मागच्या घावाने तयार केलेल्या पृष्ठभागावर बसतो आणि पुढच्या घावाची जागा ठरवतो. उडालेले छिलके जर जागच्या जागी राहिले असतील तर ते पुन्हा गाभ्यावर, म्हणजे ज्यापासून ते उडाले त्या दगडावर, जुळवता येतात, आणि मग लाखो वर्षांपूर्वीचा तो अर्धा तास पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत पुन्हा चालवून पाहता येतो. हे काम चिकाटीचे असते. मी स्वतः एका गाभ्याचे छिलके जुळवण्यात महिनेच्या महिने घालवले आहेत; एक तुकडा बसला की पुढचे दोन दिवस उत्साहाने जातात, आणि मग तीन आठवडे काहीच जुळत नाही. इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे सुमारे 5 लाख वर्षांपूर्वी मारलेल्या एका घोड्याभोवती असे छिलके सापडले. ते जुळवत गेल्यावर मध्ये पोकळी उरली, आणि ती पोकळी हातकुऱ्हाडीच्या आकाराची होती. हातकुऱ्हाड तेथे नव्हती; ती घडवून कोणीतरी बरोबर नेली होती. आजचे काम झाल्यावरही हे हत्यार उपयोगी पडेल, एवढी दूरदृष्टी त्या पोकळीत दिसते. हातकुऱ्हाड सापडली असती तर कदाचित हे कळले नसते.

कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी उत्खनन केलेली जागाही अशीच बोलकी आहे. येथे सुमारे 12 लाख वर्षांपूर्वी माणसे चुनखडकाच्या लाद्या उपसून त्यांची हत्यारे करत होती. लाद्या सरसकट घेतलेल्या नाहीत. हव्या त्या जाडीच्या निवडलेल्या आहेत, म्हणजे निम्मे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे हे निवडणाऱ्याला कळत होते. फोडण्यासाठी लागणारे हातोडा-दगड त्या चुनखडकाचे नाहीत. ते दुसऱ्या, अधिक टणक दगडांचे आहेत आणि त्या जागी आणलेले आहेत. येथे काय फोडायचे आहे आणि त्यासाठी काय बरोबर घ्यावे लागेल, हे तेथे पोहोचण्यापूर्वी ठरलेले होते. हत्यारापेक्षा हातोडा-दगडाने माणसाच्या मनाविषयी जास्त सांगितले, असे हे उदाहरण आहे.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा अभ्यास सांगते, कारण त्याने माझ्या स्वतःच्या समजुती बदलल्या. गुजरातेत खंभात येथे अकीकाचे मणी घडवणारे कारागीर आजही आहेत. त्यांची रीत अशी: जमिनीत एक टोकदार लोखंडी कांब तिरकी रोवलेली असते, कारागीर डाव्या हातात अकीकाचा तुकडा त्या टोकाला टेकवून धरतो आणि उजव्या हातातील, बारीक लवचीक दांड्याला बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या मोगरीने वरून हलका घाव घालतो. छिलका वरून उडत नाही. खालून, कांबेच्या टोकाशी उडतो. पाहताना हे इतके सहज वाटते की मोगरी आपल्यालाही चालवता येईल असा भ्रम होतो. फ्रेंच संशोधिका व्हॅलेंटीन रू आणि ब्लांडिन ब्रिल यांनी या कारागिरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी मोगरीला वेगातील बदल मोजणारे उपकरण बसवले आणि दोन गटांची तुलना केली: लांबट, निर्दोष मणी करणारे निष्णात कारागीर आणि साधे, हलक्या प्रतीचे मणी करणारे कारागीर.

अपेक्षा अशी होती की निष्णात कारागिराच्या डोक्यात कामाचा आराखडा अधिक पक्का असेल. निघाले वेगळेच. कोणत्या बाजूने सुरुवात करायची, धारा कोणत्या क्रमाने काढायच्या, हे दोन्ही गटांना ठाऊक होते. फरक एकेका घावात होता. निष्णात हाताचा घाव दगडाच्या गरजेइतकाच जोर लावत होता आणि दगड बदलला की जोरही बदलत होता. पुढे या कारागिरांना अकीकाऐवजी काच दिली गेली, जी त्यांनी कधी घडवली नव्हती आणि जी अकीकापेक्षा फार सहज फुटते. निष्णातांनी आपला घाव लवकरच काचेला जुळवून घेतला. इतरांना ते तसे जमले नाही. आराखडा सांगून शिकवता येतो. ही नेमकी जोर ओळखण्याची जाण वर्षानुवर्षे दगडाशी झगडल्याशिवाय येत नाही.

या निष्कर्षाचे परिणाम दूरवर पोहोचतात. तोपर्यंत आम्ही बहुतेक जण हत्यार पाहून विचारत होतो की त्याचा नकाशा कोणाच्या डोक्यात होता. आता विचारावे लागते की एवढे शिकायला किती वर्षे लागली असतील, त्या वर्षांत शिकणाऱ्याला अन्न कोणी दिले, आणि फुकट गेलेला दगड त्याला कोणी वापरू दिला. मी स्वतः बेसाल्टची हातकुऱ्हाड घडवायला शिकले तेव्हा पहिल्या वर्षात एकही धड झाली नाही. नेमके कोठे मारायचे हे मला पुस्तकातून पाठ होते. घाव त्या जागी पडत होता, पण कोन चुकत होता, छिलका अर्ध्यात तुटून पायरी पडत होती, आणि मग त्या पायरीवर मी चिडून आणखी चार घाव घालत होते. उत्खननात असे गाभे सापडतात: एकाच जागी वारंवार मारल्याने ठेचलेली कड, एकावर एक पडलेल्या पायऱ्या आणि मग टाकून दिलेला दगड. माझ्या हातून तसेच गाभे निघेपर्यंत मी त्यांची नोंद 'निकृष्ट' एवढीच करत असे. ते शिकणाऱ्याचे गाभे आहेत. फ्रान्समधील एतिओल येथे हिमयुगाच्या अखेरच्या वस्तीत छिलके जुळवून पाहिल्यावर असे दिसले की चुलीजवळ बसलेल्यांचे काम उत्तम आहे आणि चुलीपासून दूर बसलेल्यांचे काम चुकांनी भरलेले आहे. तेथे जाणत्यांना उबेजवळची जागा होती आणि शिकाऊ हात थोडे बाजूला, पण नजरेच्या टप्प्यात बसत होते. हजारो वर्षांपूर्वीच्या एका शिकवणीची बैठक त्या चुकलेल्या छिलक्यांनी आपल्यापर्यंत पोहोचवली आहे.

दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेचे उदाहरण थोडक्यात सांगते. सुमारे 70,000 वर्षांपूर्वी तेथे दगडी पाती दांड्याला चिकटवण्यासाठी वनस्पतींचा डिंक आणि गेरू यांचे मिश्रण वापरत. लिन वॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मिश्रण स्वतः करून पाहिले. नुसता डिंक पाणी शोषून सुटतो आणि ठिसूळ होतो. गेरू जास्त झाला तर धरत नाही. विस्तवाजवळ जास्त वेळ ठेवला तर उकळून बुडबुडे येतात आणि सगळे वाया जाते. ज्यांनी लाडवांसाठी पाक केला आहे त्यांना हे लगेच कळेल. एकतारी पाक कधी होतो हे पुस्तकात लिहिता येते, पण क्षणभर पुढे गेलेला पाक मागे आणता येत नाही, म्हणून करणाऱ्याचे लक्ष एकाच वेळी विस्तवावर, भांड्यात आणि पुढच्या कामावर असावे लागते. परत न फिरणारा बदल आधीच ओळखणे आणि त्यासाठी लक्ष विभागून ठेवणे, हा मनाविषयीचा दावा आहे, आणि तो प्रयोगाने तपासता आलेला आहे.

खुणा आणि दागिने यांच्या बाबतीत सूक्ष्मदर्शक हे मुख्य साधन ठरते. ब्लोम्बोस या दक्षिण आफ्रिकेतील गुहेत ख्रिस्तोफर हेन्शिलवुड यांना गेरूचे जे तुकडे सापडले, त्यांवर जाळीसारख्या तिरक्या रेषा आहेत. काळ सुमारे 75,000 वर्षांपूर्वीचा. आधी पृष्ठभाग घासून सपाट केला, मग रेषा एका क्रमाने ओढल्या, हे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या कडा पाहून कळते. त्याच गुहेतील छोट्या शिंपल्यांना भोके पाडलेली आहेत आणि भोकांच्या कडा दोऱ्याने झिजलेल्या आहेत. ही झीज एका दिवसात येत नाही. कोणीतरी ती माळ दीर्घकाळ अंगावर वागवली होती. दागिना दुसऱ्याने पाहावा म्हणून असतो. म्हणजे 'लोक माझ्याकडे पाहतात आणि पाहून काही समजतात' ही जाणीव त्या झिजलेल्या कडेत आहे, असे मी म्हणेन आणि या विधानाची जबाबदारी घेईन. त्या माळेचा अर्थ काय होता, ती कुळाची खूण होती की वयात आल्याची, हे मात्र मी सांगणार नाही, कारण झीज ते सांगत नाही.

आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि एक कोरीव तुकडा सापडला. तो सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग एके काळी महाराष्ट्रात होता हे ऐकूनच विद्यार्थी थक्क होतात. पण या तुकड्याची गोष्ट शिकवण्यासारखी आहे ती वेगळ्या कारणाने. भारतात शहामृगाच्या कवचाचे अनेक तुकडे 'कोरीव' म्हणून नोंदले गेले होते. बारकाईने तपासणी झाल्यावर त्यांतील बहुतेकांवरच्या रेषा वनस्पतींच्या मुळांनी कोरलेल्या निघाल्या. माणसाच्या हाताचा निर्विवाद म्हणून पाटण्याचा तुकडा टिकला. विद्यार्थिदशेत मी स्वतः एका हाडावरच्या समांतर रेषा पाहून आनंदाने ओरडले होते. आमच्या मार्गदर्शकांनी भिंग हातात दिले आणि रेषांच्या तळाशी माती आहे का पाहा म्हणाले. तळ स्वच्छ आणि फिकट होता. त्या रेषा आदल्या दिवशी खोदणाऱ्याच्या सुरीच्या टोकाने पडल्या होत्या. त्या दिवसापासून मनाविषयी बोलण्यापूर्वी मी मुळे, दात, वाळू आणि सुरी यांची नावे एकेक करून खोडून घेते.

अलीकडे मेंदूच्या चित्रणाची जोड मिळाली आहे. डीट्रिख स्टाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगड घडवणाऱ्यांच्या मेंदूत कोणते भाग कामाला लागतात हे पाहिले; साध्या छिलक्यांपेक्षा उत्तरकालीन हातकुऱ्हाड घडवताना जे भाग अधिक सक्रिय होतात, त्यांत भाषेच्या कामातही गुंतणाऱ्या भागांशी नाते असलेले भाग आहेत. काम मोलाचे आहे. पण पाहिलेला मेंदू आजच्या माणसाचा आहे, हे विसरून 'हातकुऱ्हाड करणारे बोलत होते' असे जे छापले जाते, ते मला मान्य नाही.

शेवटी, शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर काय करता येते यासाठी इनामगावचे उदाहरण घेते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे अनेक हंगाम केले. येथे मृतांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून. प्रौढांना खड्ड्यात, डोके उत्तरेला करून, आणि घोट्याखाली पाय तोडून. मृताने भूत होऊन परत जाऊ-येऊ नये म्हणून पाय तोडले असावेत, हे स्पष्टीकरण आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि आजच्या समजुतींशी ते जुळते म्हणून ते पटकन पटते. नेमके म्हणूनच मी ते जपून वापरते. पुराव्यातून ठामपणे निघते ते असे: मृत्यूनंतर काय करायचे याचा नियम होता, तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, आणि मूल व प्रौढ यांच्यात मृत्यूतही भेद करणारी एक रेषा लोकांच्या मनात होती. याला अपवादही आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात एका प्रौढ पुरुषाला बसवून पुरले होते आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. नियम मोडायचा तर कोणासाठी मोडायचा, हेही त्यांना ठाऊक होते. ढवळीकरांनी तो गावाचा प्रमुख असावा असे मानले, आणि घर, जागा, रांजण व न तोडलेले पाय हे चार वेगळे पुरावे एकाच दिशेने जातात म्हणून मला ते ग्राह्य वाटते. भुताच्या स्पष्टीकरणामागे असे चार पुरावे नाहीत.

त्याच वस्तीत एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेल्या मातीच्या पेटीसोबत डोके नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. सगळे कच्च्या मातीचे. मूर्तीच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीवरही. भोकांतून काडी घातली की मूर्ती बैलावर नीट बसते, आणि ते कोणीही प्रतिकृती करून पाहू शकतो. मूर्तीचे डोके मोडलेले नाही; ते मुळात केलेलेच नव्हते. ही देवी कोणती, तिचे नाव काय, तिच्याकडे काय मागत, यांबाबत विद्वानांनी बरेच लिहिले आहे. माझे विद्यार्थी प्रतिकृती हातात घेतात तेव्हा मी त्यांना एवढेच विचारते की मूर्ती न भाजता का ठेवली असेल. वस्तीत भाजलेली भांडी आहेत, भट्टी आहे, जाणते हात आहेत. तरी ही मूर्ती, तो बैल आणि ती पेटी कच्चीच ठेवली, भोकांची मापे जुळवून घेतली, आणि सगळे जमिनीखाली झाकून वर पुन्हा घर चालू ठेवले. पाण्याने विरघळेल अशी वस्तू इतक्या काळजीने जुळवून कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही अशा जागी ठेवणाऱ्याला तिचा टिकाऊपणा नको होता, असे एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी म्हणाली. तिने आता दुसऱ्या वस्त्यांतील कच्च्या मातीच्या मूर्तींच्या नोंदी, त्या कोठे आणि कोणत्या थरात सापडल्या यासह, काढायला घेतल्या आहेत.